समोरची बारी

दत्ताराम बुवा आरोलकरांच्या साइटवरचा रसिकांचा आकडा रोज एकाने वाढायचा, आणि तो एक म्हणजे बुवांची धाकटी लेक अक्षता, हे नंदकिशोर पेडणेकरला पक्कं ठाऊक होतं. संध्याकाळी साडेपाचला चहा झाला की ती मोबाइलवर साइट उघडायची, तेवीस नंबरची बारी लावायची आणि फोन बापाच्या उशाशी ठेवायची. बुवांना अर्धांगवायूचा झटका येऊन दोन वर्षं झाली होती. उजवी बाजू गेली ती गेलीच, वर वाचाही गेली. ज्या गळ्याने कणकवलीपासून विरारपर्यंत मंडप हलवले त्या गळ्यातून आता फक्त ‘आ’ निघायचा. तहान लागली तरी आ, राग आला तरी आ. पण फोनमधून स्वतःचा वीस वर्षांपूर्वीचा आवाज आला की डावा हात पलंगाच्या कडेवर ठेका धरायचा, आणि एक मात्रा इकडची तिकडे व्हायची नाही. दिवसातला तेवढाच अर्धा तास बुवा बुवा असायचे.

डबलबारी ज्याने पाहिली नाही त्याला काय कप्पाळ सांगायचं! समोरासमोर दोन स्टेज, दोन बुवा, दोन पेट्या, दोन पखवाज. एका बुवाने आपल्या पाळीत, म्हणजे बारीत, भजनातून पुराणातला प्रश्न टाकायचा. दुसऱ्याने आपल्या बारीत तिथल्या तिथे शब्द जुळवून, गाऊन, त्याचं उत्तर द्यायचं. हातात कागद नाही की वही नाही. समोर हजार-दोन हजार चाकरमानी, आणि त्यातले निम्मे बुवा कधी चुकतो याचीच वाट बघत बसलेले. दत्ताराम बुवा लालबागच्या गिरणीत साचे सांभाळायचे, गिरणी बंद पडल्यावर मुलुंडला आले, पण बारी सुटली नाही. शेवटी दम्याने सोडवली.

नंदकिशोर त्यांचा नातेवाईक ना शिष्य, नुसता वेडा. मुलुंडच्या एका छापखान्यात लग्नपत्रिका कॉम्प्युटरवर जुळवायचं त्याचं काम. आज बावन्न वर्षांचा आहे, तेव्हा तिशीत होता. तेव्हा इंटरनेटवर फुकट जागा देणाऱ्या कंपन्या पायलीला पन्नास होत्या. नाव द्या, ईमेल द्या, जागा घ्या आणि करा काय करायचं ते. त्यांची एक जाहिरात वर लटकायची, एवढंच. त्यामुळे जगातले सगळे वेडे तिकडे धावले होते. कुणी एका कबड्डीपटूची साइट केली, कुणी बंद पडलेल्या सिनेमा थिएटरांची, आणि नंद्याने केली बुवांची. घरी कुणी विचारलं नाही, बाहेर कुणी बोलावलं नाही. रविवारचे रविवार छापखान्यात बसून त्याने कॅसेटी एकेक करून कॉम्प्युटरमध्ये उतरवल्या. सदतीस बाऱ्या. पहिल्या पानावर बुवांचा पेटीवरचा फोटो, दोन बाजूंना हलणाऱ्या समया, आणि खाली ओळ, ‘आपण या साइटवरचे इतकावे रसिक आहात.’

बाकीच्या फुकट जागा एकेक करून मिटल्या. कबड्डीवाला गेला, थिएटरवाला गेला. लोक दुसरीकडे सरकले, तिकडे फोटो टाकायला लागले, भांडायला लागले. नंद्याची कंपनी मात्र कशी कोण जाणे तगली, आणि त्यालाही वाटायला लागलं की आपलं पुण्य असणार. पुण्य कसलं! त्या कंपनीतही कुणी लक्ष देत नव्हतं, एवढंच त्यातलं खरं.

आता कॅसेटींचं सांगायला पाहिजे, कारण सगळी माती तिथे झाली. चौदा वर्षांपूर्वी नंद्याची बिल्डिंग पाडून नवी बांधायला घेतली. भाड्याच्या खोलीत जायचं, जागा कमी, बायको रोज त्या खोक्याला लाथ मारून जायची. कॅसेटींना बुरशी धरलेली. पण त्यात अभंग, त्यात विठ्ठलाचं नाव. ते कचऱ्याच्या डब्यात कसं टाकणार? तो बुवांना विचारायला गेला. बुवांनी क्षणाचाही विचार केला नाही. देवाचं नाव आहे, निर्माल्याबरोबर पाण्यात सोड, म्हणाले. जुन्या पोथ्या, तडा गेलेल्या तसबिरी आपण तशाच सोडतो ना? मग अनंत चतुर्दशीला नंद्याने सगळ्या कॅसेटी फुलांच्या पिशवीत घातल्या, पवईच्या तलावावर नेल्या आणि हात जोडून सोडल्या. बुवा स्वतः सोबत होते. दोघांना किती बरं वाटलं होतं त्या दिवशी! परत येताना बुवांनी त्याला वडापाव खाऊ घातला. सगळं साइटवर आहेच की, असं दोघंही म्हणाले. छापखान्यातला जुना कॉम्प्युटर पुढच्या वर्षी भंगारात गेला, त्याचंही कुणाला वाईट वाटलं नाही.

तर यंदा नोव्हेंबरच्या तेरा तारखेला, गुरुवारी, अक्षताचा फोन आला. साइट उघडली की वर लाल पट्टी येतेय, काहीतरी इंग्रजीत लिहिलंय, म्हणाली. नंद्याने स्वतःच्या मोबाइलवर उघडून बघितलं. ही सेवा तीस नोव्हेंबरला कायमची बंद होतेय, आपापलं सामान काढून घ्या, असा त्याचा अर्थ. त्याने पट्टी दोनदा वाचली. मग हिशेब केला. सतरा दिवस आहेत. सदतीस बाऱ्या उतरवून घ्यायला छापखान्यातला कॉम्प्युटर आणि दोन तास पुरतात. लग्नसराईमुळे शनिवारपर्यंत श्वास घ्यायला फुरसत नाही, पण रविवारी छापखाना रिकामा, किल्ली आपल्याकडे. झालं की.

तिथेच फोन खिशात ठेवला असता तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. पण त्याची नजर खालच्या आकड्यावर गेली. अठरा हजार नऊशे बारा. वीस वर्षांच्यावर खपून अठरा हजार, आणि त्यातले शेवटचे सातशे एकट्या अक्षताचे. त्याला वाईट वाटलं, आणि वाईटातून एक हाव सुटली. जाता जाता तरी लोकांना कळू दे, कुणीतरी म्हणू दे की नंद्या, काय काम करून ठेवलंस रे. ‘डबलबारी दर्दी’ नावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हजार माणसं होती. त्याने लिंक टाकली आणि लिहिलं, बुवांच्या दुर्मिळ बाऱ्या, फक्त तीस तारखेपर्यंत, ऐकून घ्या, पुढे पाठवा.

लोकांनी ऐकलं, आणि पुढेही पाठवलं. शुक्रवारी सकाळी आकडा एकोणीस हजारांवर गेला. दुपारी पत्रिकेतली मुलीकडची नावं जुळवता जुळवता तो दर दहा मिनिटांनी बघत होता. दुबईहून कुणीतरी लिहिलं, डोळ्यात पाणी आलं. बोरिवलीच्या कुणीतरी तेवीस नंबरच्या बारीचे तीस सेकंद स्टेटसला ठेवले. हात जोडलेले, फुलं, अंगठे, नुसता पाऊस. नंद्याने त्या रात्री घरी श्रीखंड नेलं. बायकोने विचारलं कशाबद्दल, तर म्हणाला, असंच.

शनिवारी संध्याकाळी अक्षताने फोन केला तेव्हा तिचा आवाज वेगळाच होता. साइट उघडत नाही, नुसतं पांढरं पान येतं आणि त्यावर एक ओळ. नंद्याने ती वाचली. या खात्याची महिन्याची मर्यादा संपली आहे, पुढील महिन्याच्या एक तारखेला पुन्हा सुरू होईल.

फुकट जागेला अट असते. महिन्याला अमुक इतकंच ऐकवायचं, त्याच्या वर कुणी ऐकायला आलं की दार बंद. रोज एक अक्षता येत होती तोवर ती अट कधी आठवलीच नाही. आता एक डिसेंबरला दार उघडणार होतं, आणि तीस नोव्हेंबरला घरच पाडणार होते.

माणसाने स्वतःला किती शिव्या घालाव्यात? नंद्याने भरपूर घातल्या. मग खात्यात शिरायला बघितलं, तर पासवर्ड आठवेना. गावाचं नाव, बुवांचं नाव, बायकोचं, पोरीचं जन्मसाल, सगळं घालून झालं. ‘पासवर्ड विसरलात का?’वर दाबलं, तर नवा पासवर्ड गेला त्याच्या जुन्या ईमेलवर, आणि ते ईमेल वापरात नाही म्हणून कधीच काढून टाकलेलं. कंपनीला त्याने पत्रिकेच्या इंग्रजीत चार पत्रं लिहिली. ‘विथ ड्यू रिस्पेक्ट’ लिहिलं, म्हातारा आजारी आहे लिहिलं, पाया पडतो हेसुद्धा लिहिलं. चारही वेळा तेच यंत्राचं उत्तर आलं. आपला संदेश मिळाला, धन्यवाद.

छापखान्यातल्या शीतलने सांगितलं की जुन्या साइटींच्या प्रती साठवून ठेवणारं एक ठिकाण असतं. दोघांनी तिथे शोधलं, आणि खरंच बुवांचा फोटो आला, समया हलायला लागल्या. नंद्या खुर्चीतून अर्धा उठलाच. पण अक्षरांच्या जागी सगळा इंग्रजी चिवडा, कारण तो जुना मराठी फॉण्ट आता कुठल्याच कॉम्प्युटरवर नाही, आणि तेवीसवर क्लिक केलं तर काहीच नाही. पान साठवलं होतं, आवाज साठवला नव्हता. शीतलने हळूच त्याच्यासमोर पाण्याची बाटली सरकवली.

ग्रुपवर विचारलं, कुणी उतरवून घेतलंय का. नऊशे लोकांनी वाचलं. आम्ही फक्त ऐकलं, झकास होतं, असं पंधरावीस जणांनी लिहिलं. दोघांनी पुन्हा लिंक मागितली. बोरिवलीवाल्याचं स्टेटस चोवीस तासांत आपोआप पुसलं गेलं होतं, आणि तसंही त्यात नुसती पेटी वाजत होती. तीस तारीख आली. त्या दिवशी नंद्या कामाला गेलाच नाही. घरात बसून ते पांढरं पान दर तासाला उघडत राहिला. एक तारखेला पांढरं पानसुद्धा आलं नाही.

इकडे बुवांना घरचे रोज सांगत होते की नेट गेलंय. साडेपाच वाजले की ते डावं बोट उशाकडे दाखवायचे, आणि अक्षता म्हणायची, आज पण नाही हो बाबा. तिने दुसऱ्या कुणाकुणाची भजनं लावून बघितली. बुवांनी तोंड फिरवलं. चार दिवस जेवले नाहीत धड. शेवंती काकीने, बुवांच्या बायकोने, नंद्याला फोन केला आणि एवढंच म्हणाली, “नंदू, कायतरी कर रे बाबा. माणूस भिंतीकडे बघीत बसता.”

एवढं त्या तेवीस नंबरच्या बारीत होतं काय? भांडुपचा माघी गणपती, दोन हजार चार साल. समोर बाळा बुवा नाईकधुरे, जातिवंत गवई आणि महा खवचट. त्यांनी प्रश्न टाकला होता समुद्रमंथनाचा. लक्ष्मी विष्णूला मिळाली, ऐरावत इंद्राला मिळाला, अमृत देवांना मिळालं, पण ज्या वासुकीची दोरी करून दोन्हीकडून ओढला, त्या बिचाऱ्याला काय मिळालं? मंडप गार पडला. पुराणात धड उत्तरच नाही. आणि मग दत्ताराम बुवांनी पेटीवर बोटं ठेवली आणि तिथल्या तिथे रचून उत्तर दिलं. नंद्या तेव्हा स्टेजपाशी टेप घेऊन बसला होता. लोक उभे राहिले हे त्याला आठवत होतं. शेजारचा म्हातारा टोपी डोळ्यांना लावून रडत होता हेही आठवत होतं. पण शब्द? शब्द एकही आठवत नव्हता. टेप चालू आहे म्हटल्यावर लक्षात कशाला ठेवा? ना त्याने ठेवले, ना अक्षताने. दोन वर्षं रोज ऐकूनसुद्धा तिला चाल यायची, दोनचार शब्द यायचे, ओळ लागायची नाही. लावली की लागतेच की, असं वाटायचं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ग्रुपवरून सर्वेश कोचरेकर नावाच्या माणसाचा निरोप आला. घाटकोपरला राहायचा. वडील वारले, त्यांच्या ट्रंकेत कॅसेट सापडली, वर लिहिलंय ‘भांडुप माघी २००४, नाईकधुरे-आरोलकर’. मोबाइलवर उतरवून पाठवतो, म्हणाला. नंद्याने छापखान्याच्या जिन्यात उभं राहून ते ऐकायला घेतलं. पखवाज आला, टाळ आले, आणि आला बाळा बुवांचा आवाज.

तेव्हाच त्याला समजायला हवं होतं, आणि समजलंही. साठ मिनिटांची कॅसेट असायची. त्यात आपला बुवा पुरा बसवायचा तर समोरच्याची बारी लागली की बटण दाबून टेप थांबवायची, आपल्याची लागली की चालू करायची. सगळे दर्दी तसंच करायचे. नंद्यानेही तेच केलं होतं. साइटवर त्याने वीस वर्षं उत्तर ठेवलं होतं आणि प्रश्न ठेवलाच नव्हता. सर्वेशचा बाप बाळा बुवांचा माणूस. त्याने प्रश्न ठेवला होता.

नंद्या जिन्यात बसला आणि मोठ्याने रडला. पत्रिका न्यायला आलेली दोन माणसं बाजूने वर गेली, त्यांना वाटलं याच्या घरी कुणी गेलं असेल.

लावायचं की नाही यावर बुवांच्या स्वयंपाकघरात बराच वेळ कुजबुज झाली. नंदूदादा, नको लावूस, त्यांना अजून त्रास होईल, असं अक्षताचं म्हणणं. काकी म्हणाली लाव, निदान त्या रात्रीचं काहीतरी कानावर पडेल, माणूस जेवेल तरी. साडेपाच वाजलेच होते. नंद्याने फोन उशाशी ठेवला आणि बोट लावलं.

पखवाज सुरू झाला तसं बुवांनी डोळे उघडले. बाळा बुवा गायला लागले आणि म्हाताऱ्याच्या तोंडाची धड बाजू वर सरकली. हसले ते. त्या खवचट दोस्ताला जाऊन नऊ वर्षं झाली होती. डाव्या हाताने कडेवर ठेका धरला. काकीने नंद्याकडे बघितलं, बघ, मी म्हटलं नव्हतं का, अशा नजरेने. लक्ष्मी आली, ऐरावत आला, अमृत आलं, आणि मग वासुकीचा प्रश्न. बाळा बुवांनी तो तीनदा फिरवून गायला, शेवटच्या वेळी मुद्दाम हळू. बुवा उशीवरून वर सरकायला लागले. अक्षताने पाठीला हात दिला. त्यांनी ठेका थांबवला, डावी बोटं चादरीवर पेटीवर पसरावीत तशी पसरली, छातीत श्वास भरला, तोंड उघडलं.

फोनमध्ये खट् झालं. सर्वेशच्या बापाने बटण दाबलं होतं.

लगेच दुसरं खट्. मंडपाचा कल्लोळ, टाळ्या, शिट्ट्या, थांबतच नव्हत्या. त्यातून बाळा बुवांचा आवाज, आता गात नव्हते, नुसते बोलत होते. “दत्ताराम बुवा, ह्येच्यावर माझ्याकडे जबाब नाय. मी हरलंय.” आणि पुढे गवळण सुरू झाली.

बुवांचं तोंड तसंच उघडं राहिलं होतं. त्यांनी फोनकडे बघितलं, मग नंद्याकडे, आणि बोटाने खूण केली, मागे घे. चुकून पुढे गेलंय असं वाटलं त्यांना. नंद्याने मागे घेतलं. पुन्हा प्रश्न, पुन्हा श्वास, पुन्हा खट्, आणि त्या टाळ्या. बुवांनी पुन्हा खूण केली. तिसऱ्या वेळी ते खट्च्या पुढे थांबले नाहीत. टाळ्या चालू असताना त्यांनी म्हणायला घेतलं. आ. आ. मान हलवून, भुवई वर करून, सम दाखवून, अख्खं कडवं म्हटलं त्यांनी, आणि त्यात आ सोडून एक अक्षर नव्हतं. त्यांना ते सगळं येत होतं. जगात आता त्यांनाच येत होतं.

अक्षता उठून गॅलरीत गेली. नंद्या पलंगाशी गुडघ्यावर बसला आणि त्याने बुवांचा गेलेला उजवा हात धरला, कारण डावा धरायची त्याची हिंमत झाली नाही.

“बुवा, तुमचं उत्तर गेलं,” तो म्हणाला. “सगळ्याच बाऱ्या गेल्या. नेट नाही गेलेलं. माझ्या हातून गेल्या.”

बुवांना ते समजलं की नाही, हे कुणाला सांगता यायचं नाही. मग त्यांनी डावा हात लांबवला, फोन स्वतःच्या छातीवर ओढून घेतला आणि बोटाने बटण दाबलं. बाळा बुवांनी पहिल्यापासून विचारायला सुरुवात केली.